सहाव्या वर्षीची दाढ कोणत्या खात्यात येते?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री, शालेय शिक्षण विभाग,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र शासन.

सप्रेम नमस्कार.

तिघांना मिळून एकच पत्र लिहायची रीत नाही, हे मला ठाऊक आहे. ३१ वर्षं सरकारी नोकरी केली. पत्र एका खात्याला जातं, त्याची प्रत दुसऱ्याला ‘माहितीस्तव’ जाते, आणि माहितीस्तव आलेला कागद कोणी वाचत नाही. म्हणून तिन्ही पदनामं एकाखाली एक घातली आहेत. पत्र खुलं अशासाठी, की बंद पाकिटातून पाठवलेली माझी आधीची पत्रं कुठे गेली ते निवृत्त होईपर्यंत मला कळलं नाही.

मी दातांचा डॉक्टर. पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक म्हणून नोकरी केली. गेल्या वर्षी सेवापुस्तक बंद झालं. आता वेळ आहे आणि कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून एका दाढेबद्दल लिहितो.

मूल सहा वर्षांचं झालं की शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे हिरडीतून एक नवी दाढ डोकं वर काढते. वर दोन, खाली दोन, अशा चार. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ताच लागत नाही. पुढचा दात पडला की तो कौलावर फेकायचा, नवा आला की सगळ्यांना दाखवायचा, असा सोहळा असतो. ही बिचारी मागच्या दाराने येते. पूर्ण उंचीला यायला तिला कित्येक महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढांपेक्षा बुटकी असते, ब्रश वरून सरकून जातो, आणि माथ्यावरच्या खोल खाचांत बिस्किटाचा लगदा बसून राहतो. ही पक्की दाढ. हिच्यावरच पुढे साठ वर्षं भाकरी चावायची असते.

मग मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की आई त्याला घेऊन येते. गाल सुजलेला, रात्रभर कोणी झोपलेलं नाही. खुर्चीत बसवायच्या आधीच ती सांगते, “काढून टाका डॉक्टर, दुधाचीच हाय, परत येतीया.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पहिल्या शब्दालाच पुढचं कळायचं. “परत येत नाही ताई, ही शेवटची,” असं म्हटलं की त्या चेहऱ्यावर जे उमटायचं त्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

आता गंमत पाहा. ही दाढ येण्याआधी मूल अंगणवाडीत असतं, म्हणजे महिला व बालविकासकडे. ती येते तेव्हा ते पहिलीत गेलेलं असतं, म्हणजे शालेय शिक्षणाकडे. ती किडून दुखायला लागली की ते माझ्या दारात, म्हणजे सार्वजनिक आरोग्याकडे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदली होण्याच्या नेमक्या मुहूर्तावर दाढ उगवते. निसर्गाला आपली कार्यासन पद्धत माहीत नसावी.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी दात काढले, दुसरं काही केलंच नाही असं म्हटलं तरी चालेल. खुर्ची होती, तिचा कॉम्प्रेसर बंद होता, दुरुस्तीचा प्रस्ताव वर गेला होता. भूल द्यायची, पक्कड लावायची, कापूस दाबायला सांगायचा. बाजाराच्या दिवशी रांग दारापर्यंत. गावात माझी ओळखच ‘दात उपटायचा डॉक्टर’ अशी होती आणि तीत खोटं काही नव्हतं. वरचा दात काढला की नजर जाते, दातांवरची घाण काढली की दात हलतात, हे समज घेऊन माणसं यायची आणि तेच समज घेऊन परत जायची. समजूत घालायला वेळ कुणाला होता? बाहेर चाळीस जण गालाला हात लावून बसलेले.

कॉलेजात असताना प्रतिबंधक दंतशास्त्र हा विषय आम्हाला होता. तो पास होण्यापुरता वाचायचा असतो, असं सीनियर सांगायचे. खरं दंतशास्त्र म्हणजे रूट कॅनॉल, कॅप, वाकडे दात सरळ करणं. तेव्हा मलाही तसंच वाटायचं. बादलीत पडणारे दात बघून बघून मत बदललं. मोठ्यांचे दात बघून वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण एक दिवस दुपारपर्यंत बादलीत नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या चार पक्क्या दाढा जमल्या. मुळं धड तयार झालेली, माथा पोखरलेला. त्या संध्याकाळी मी धुळीत पडलेलं ते जुनं पुस्तक शोधून काढलं.

मग सुरू झाली शिबिरं. त्यांच्याविषयी मला स्पष्ट बोलायचंय, कारण आजही दातांचं काम म्हटलं की तुमच्या तिन्ही खात्यांना शिबिरच सुचतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, मागे बॅनर, पाहुण्यांना नारळ. मुलांची रांग. ‘आ कर’ म्हणायचं, टॉर्च मारायचा, ‘किडलेत चार’ असं सांगायचं, शेजारी शिक्षक लिहून घेतात. एका मुलाला मिनिटभरही मिळत नाही. शेवटी चिठ्ठी : तालुक्याच्या रुग्णालयात दाखवा. त्या चिठ्ठ्या घेऊन किती जण आले? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. येणार कसे? आईचा एक दिवसाचा रोज बुडतो, दोन तिकिटं लागतात, आणि मूल तर आज रडत नाहीये. मी वर्षानुवर्षं किडलेले दात मोजले आणि त्यांचे तक्ते भरून पाठवले. मोजल्याने एकही दात वाचला नाही.

मोजणी खरं तर कधीच झाली आहे. २००२-०३ साली भारतीय दंत परिषदेने देशभर पाहणी केली. पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के, बाराव्या वर्षी ५३.८ टक्के, पंधराव्या वर्षी ६३.१ टक्के मुलांचे दात किडलेले निघाले. दोनातल्या एका मुलाला रोग आहे हे समजल्यावर रांग लावून कोणाला आहे आणि कोणाला नाही ते शोधण्यात काय हशील? गावाच्या विहिरीत घाण पडली तर आपण घरोघरी जुलाब मोजत बसत नाही. आधी विहीर उपसतो.

शिबिरांच्या जोडीला माझी भाषणं. थर्माकोलचा हातभर दात, लाटण्याएवढा ब्रश, आणि मी : “मुलांनो, दिवसातून किती वेळा दात घासायचे?” मुलं बेंबीच्या देठापासून ओरडायची, “दोऽऽन वेळा!” टाळ्या. हे मी अनेक वर्षं केलं आणि मला ते चांगलं जमायचं, हेही कबूल करतो. एकदा भाषण संपल्यावर दुसरी-तिसरीतला एक पोरगा जवळ आला. खालच्या आवाजात म्हणाला, “सर, आमच्यात ब्रश एकच हाय. तो दादांचा हाय.” दादा म्हणजे त्याचे वडील.

माझ्याकडे त्याला द्यायला ब्रश नव्हता. थर्माकोलचा होता.

त्या मुलाला माहिती पूर्ण होती. दोन वेळा घासायचे, गोल गोल घासायचे, रात्री घासल्यावर काही खायचं नाही, सगळं पाठ होतं. नुसत्या दंतशिक्षणाने मुलांची माहिती वाढते, कीड मात्र फारशी कमी होत नाही, असं जगभरच्या अभ्यासांतून निघालेलं मी पुढे वाचलं. पण मला ते त्या पोराने आधीच सांगून ठेवलं होतं.

मुळात रोग होतो कसा, ते एकदा साध्या भाषेत मांडतो, म्हणजे पुढची मागणी पटेल. आपल्या भाषेतच एक घोटाळा आहे. आपण म्हणतो ‘दाताला कीड लागली’. म्हणून माणसं खरोखर किडा शोधतात. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे पाडून दाखवणारे लोक बाजारात बसायचे, अजूनही कुठे कुठे असतात. वाटीतल्या पाण्यात अळ्या दिसतात, बघणारा चाट पडतो. दाढेत अळी नसते. तिथे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात, ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दातातला चुना विरघळतो. मग लाळ ते आम्ल धुते आणि विरघळलेला चुना हळूहळू परत भरते. या दुरुस्तीला साधारण अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. म्हणजे साखर किती खाल्ली याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व. जेवणासोबत मुलाने पुरणपोळी खाल्ली तर दात एकदाच मार खातो. पाच रुपयांचा बिस्किटपुडा सकाळपासून दुपारपर्यंत एक एक करून चघळला तर दुरुस्तीला सवडच मिळत नाही. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे चार दात काळे पडतात आणि खालचे पांढरे राहतात, कारण खालच्यांवर जीभ पांघरलेली असते. आया म्हणतात, दातच कच्चे आले. कच्चे येत नाहीत हो.

फ्लोराइड या दुरुस्तीच्या कामात गवंड्याला हात देतं. थोड्या प्रमाणात, पण रोज दाताला लागलं तर भरलेला चुना जास्त टणक होतो आणि पुढच्या आम्लाला पुरून उरतो. सुरुवातीचा खडूसारखा पांढरा डाग भोक पडायच्या आधी थोपवता येतो, कधी परतवताही येतो. ब्रशची कसरत महत्त्वाची आहेच, पण खरं औषध पेस्टमध्ये आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपण अजून तिला किराणा मालात धरतो.

स्कॉटलंडची गोष्ट सांगतो. थंड देश, गोड खाण्यात आपल्याला हरवतील अशी माणसं. पाण्यात फ्लोराइड मिसळायचं ठरवलं तर लोक ऐकेनात. २००३ साली तिथल्या पहिलीतल्या मुलांमध्ये उघड कीड नसलेली मुलं निम्म्याहून कमी होती. मग त्यांनी ‘चाइल्डस्माइल’ नावाचा कार्यक्रम घेतला. त्यात बाकी बरंच आहे, पण गाभा एवढाच, की बालवाडीतल्या प्रत्येक मुलाने रोज बालवाडीतच, बाईंच्या देखत, फ्लोराइड पेस्टने दात घासायचे. ब्रश आणि पेस्ट सरकारची. घरी घासतो का, आई काय करते, याची चौकशी नाही. २०२० पर्यंत कीड नसलेल्या मुलांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे गेलं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दातांवर होणारा उपचारांचा खर्च तर पहिल्या दशकातच निम्म्याहून खाली आला. ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तो हिशेब मांडला आहे, अर्थखात्याने मागितला तर दाखवता येईल.

स्कॉटलंड श्रीमंत आहे, आपलं तसं नाही, असं कोणी म्हणेल. ठीक. फिलिपाइन्स घ्या. तिथे ‘फिट फॉर स्कूल’ कार्यक्रमात सरकारी शाळांतली मुलं रांगेने हात धुतात, मग दात घासतात. भोकं पाडलेली पाण्याची साधी नळी, तीही नसेल तर अंगणात उकिडवं बसून. वर्षातून दोनदा जंतांची गोळी. जंतांची गोळी तर आपल्याकडेही आहे! राष्ट्रीय जंतनाशक दिनाला तुमचीच तीन खाती मिळून शाळा-अंगणवाड्यांतल्या पोरांना अल्बेंडाझोल देतात. तेव्हा खात्यांच्या भिंती कुठे आडव्या येतात? म्हणजे येत नाहीत, ठरवलं तर.

मी माझ्या परीने एक छोटा प्रयोग केला. रुग्णालयापासून जवळच्या वाडीवरची एक अंगणवाडी. सेविका चाळिशीच्या, बोलायला फटकळ, कामाला वाघ. ब्रश आणि पेस्ट मी माझ्या खिशातून दिली. ब्रश ओळखायचे कसे, हा पहिला प्रश्न, कारण पोरांना नाव वाचता येत नाही. त्यांनी नेलपॉलिशने प्रत्येकावर खूण काढली : मासा, चांदणी, छत्री, वांगं. ब्रश ठेवायला लाकडी फळीला भोकं पाडली, एकाचा ब्रश दुसऱ्याला लागणार नाही इतक्या अंतरावर, वर जाळीचं झाकण. आहार झाला की पोरं गोल करून बसायची, बाई प्रत्येकाच्या ब्रशला वाटाण्याएवढी पेस्ट लावायच्या, एक गाणं दोनदा म्हणायचं तेवढा वेळ घासायचं, मग थुंकायचं. चूळ भरायची नाही. पेस्टचा पातळ थर दातांवर राहू द्यायचा, तोच काम करतो. आमच्या भागात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा, त्यामुळे ‘चूळ नको’ हे ऐकून त्या बाई पहिल्यांदा माझ्यावर खूष झाल्या. सगळ्या पोरांचे ब्रश धुवायला तांब्या-दोन तांब्ये पाणी पुरायचं.

वेळ? सुरुवातीला वीस मिनिटं गेली, रडारड, पेस्ट खाणं, एकमेकांच्या अंगाला लावणं. तिसऱ्या आठवड्यापासून पाच-सहा मिनिटांत उरकायचं. खर्चाचा हिशेब असा. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम. वर्षाचे कामाचे २०० दिवस धरले तर एका मुलाला ५० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमची एक ट्यूब दोन मुलांना वर्षभर. ब्रश वर्षाला तीन. किरकोळ दुकानातून घेतलं तरी मला एका मुलामागे साधारण शंभर रुपये पडत होते, शासनाने घाऊक घेतलं तर किती कमी पडतील ते तुमचे खरेदी अधिकारी माझ्यापेक्षा बरं सांगतील. एका किडलेल्या दाढेचं रूट कॅनॉल आणि कॅप खासगीत करायची तर काही हजार लागतात.

माझी बदली झाली आणि ते बंद पडलं. कोणाचा दोष नाही. खिशातून चाललेल्या गोष्टी खिशासोबत जातात. म्हणूनच हे पत्र.

इथे एक वळण घेतो, कारण दातांची गोष्ट फक्त दातांशी थांबत नाही. बाह्यरुग्ण विभागात बायकांना मी नेहमी विचारायचो, मशेरी कधीपासून लावता? उत्तर बहुतेकदा एकच. “लहानपणी दाढ दुखत हुती, आयनं लावाय दिली.” तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, चुरून डबीत. हिरडीवर घासली की मुंग्या येतात, दुखणं बधिर होतं. महिन्याभरात दाढ मरते, दुखायचं थांबतं, मशेरी मात्र राहते. सकाळी मशेरीशिवाय शौचाला होत नाही, डोकं दुखतं, कामात लक्ष लागत नाही. चाळीस वर्षांनी गालाच्या आत पांढरा चट्टा घेऊन ती बाई माझ्यासमोर बसते. त्यातले काही चट्टे मी पुढे टाटा रुग्णालयात पाठवले आहेत.

२०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्या त्यांत दीड टक्क्याच्याही आत. बाकीच्या सगळ्या तोंडात धरणाऱ्या किंवा घासणाऱ्या. दात घासायच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. पण घरच्या तव्यावर तिच्यासाठी कोणता निरीक्षक जाणार? ज्या मुलीची दाढ आठव्या वर्षी दुखणार नाही तिच्या हातात डबी जाण्याचं एक कारण कमी होईल, एवढं मला ठाम कळतं. मुलग्यांचं वेगळं. त्यांना सुपारी आणि मावा शाळेच्या वाटेवरच भेटतो. गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी आठवी-नववीतली मुलं माझ्याकडे ‘तिखट लागतंय, तोंड उघडंना’ म्हणून आलेली आहेत. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर समजायचं, सुपारीने गालाची कातडी आतून आवळली. भारतातल्या पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आज तोंडाचा आहे. रोज आरशासमोर तोंड उघडायची सवय असलेल्या माणसाला चट्टा लवकर दिसतो, हाही ब्रशचा एक फायदा. तो कुठल्या तक्त्यात बसत नाही.

आता आक्षेप. सगळ्यात आधी शिक्षक. त्यांच्यावर अशैक्षणिक कामांचा किती बोजा आहे हे मी शाळांच्या व्हरांड्यात बसून पाहिलं आहे. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराचा हिशेब, आणि रोज एक नवी लिंक. म्हणून हात जोडून सांगतो, या कामाची लिंक काढू नका. ‘आज किती मुलांनी दात घासले’ असा रकाना, ग्रुपवर टाकायचा फोटो, मासिक अहवाल, यांतलं काहीही नको. हजेरी घेतो तसं घासून घ्यायचं, नोंद नाही. अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीतच करायचं, त्याच्या वरच्या वर्गांना मोठ्या मुलांकडून बघून घेता येतं. नोंदीशिवाय काम झालं की नाही ते कसं कळणार, असं तुमचे अधिकारी विचारतील. पाच वर्षांनी, आधी निवडून ठेवलेल्या काही शाळांत दंतमहाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना पाठवा आणि सहाव्या वर्षीच्या दाढा मोजा. तेव्हा मोजण्याला अर्थ आहे.

दुसरा आक्षेप फ्लोराइडचा, आणि तो खोटा नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते हाडादातांना बाधतं. तिथल्या मुलांच्या दातांवरचे पिवळे-तपकिरी डाग घासून जात नाहीत. अशा गावांत आधी पाणी बदला, आणि पेस्टचा निर्णय पाण्याचा अहवाल हातात घेऊन करा. बाकी महाराष्ट्रात तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट आणि मोठ्या माणसाची देखरेख, एवढं पाळलं तर भीतीचं कारण नाही. आपल्या देशात पेस्टमध्ये फ्लोराइड दशलक्षात १००० भागांच्या वर घालता येत नाही, आणि किती घातलंय ते ट्यूबवर छापावं लागतं. खरेदीच्या निविदेत तो आकडा बघा. कार्टूनची चित्रं असलेल्या कितीतरी पेस्टमध्ये तो निम्मा असतो किंवा नसतोच. ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या अनेकांतही नसतो. आणि कृपा करून दंतमंजनाच्या पुड्या वाटू नका. राखुंडी, विटकर आणि लाल मंजन यांनी घासून घासून झिजलेले, चहाने झोंबणारे दात मी आयुष्यभर पाहिले.

ज्यांचे दात आधीच किडलेत त्यांचं काय, हेही विचाराल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरला झाली होती. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत, एकदा शाळेत जातातच, आणि दात त्यांच्या यादीत आहेतच. ही पथकं आज जे करतात ते म्हणजे माझी जुनी चिठ्ठी : पुढे पाठवणं. त्यांच्या पेटीत सिल्व्हर डायमीन फ्लोराइडची एक बाटली द्या. किडलेल्या दुधाच्या दातावर कापूस फिरवून कोरडं करायचं, बारक्या ब्रशने एक थेंब लावायचा, मिनिटभर थांबायचं. सुई नाही, यंत्र नाही, वीज नाही. बहुतेक दातांत कीड तिथेच थांबते. हेही २०२१ पासून अत्यावश्यक औषधांत आहे. एकच दोष, किडलेली जागा काळी ठिक्कर पडते. पुढच्या दातांना लावण्याआधी आईला आरसा दाखवून विचारा, मागच्या दाढांना बहुतेकजणी हो म्हणतात. ते लावायला पथकातल्या डॉक्टरांना एका दिवसाचं प्रशिक्षण पुरेल. माझ्यासारखे निवृत्त झालेले द्यायला तयार होतील, मानधन न मिळालं तरी. (प्रवासभत्ता मिळाला तर बरं. एसटीचं भाडं वाढलंय.)

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक शब्द, पत्र खुलं आहे म्हणून. देशात तीनशेहून जास्त दंतमहाविद्यालयं आहेत आणि तालुक्याच्या रस्त्यावर आता चार-चार दवाखाने दिसतात. कीड कमी झाली तर आपलं कसं होणार, अशी कुजबुज मी परिषदांत चहाच्या कपामागे ऐकली आहे. काळजी नसावी. मोठ्या माणसांच्या तोंडात आपल्या दोन पिढ्यांना पुरेल एवढं काम आधीच साठलेलं आहे.

तर मागणी एवढीच. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी तिन्ही खात्यांच्या सचिवांच्या सह्या असलेला एकच शासन निर्णय काढा. प्रत्येक जिल्ह्यातला एक तालुका घ्या, सगळं राज्य एकदम नको, एकदम घेतलेली कामं आपल्याकडे पहिल्या पावसात वाहून जातात. त्या तालुक्यातल्या प्रत्येक अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीत आहारानंतर रोज दात घासणं. ब्रश आणि पेस्ट पोषण आहाराच्या धान्यासोबत, त्याच गाडीतून पोचवता येतील. उद्घाटनाला मोठा ब्रश आणू नका.

त्या वाडीवरच्या सेविकाबाई मध्यंतरी तालुक्याच्या बाजारात भेटल्या. त्यांच्या पहिल्या तुकडीतला मासा आता सातवीत आहे. वांगं मुंबईला गेलं, आईबापासोबत. मी विचारलं, फळी आहे का अजून? “आहे की,” म्हणाल्या, “तीवर आता पळ्या-चमचे अडकवते. ब्रश पाठवा, लगेच रिकामी करते.”

आपला,
एक निवृत्त दंतशल्यचिकित्सक

ता. क. : पत्राची स्वतंत्र प्रत तिन्ही कार्यालयांत पोचवून पोच घेतली आहे. एका आवक बारनिशीवाल्याने विचारलं, “विषय काय लिहू?” मी म्हटलं, दाढ. ते म्हणाले, “मग हे आमच्याकडं येत नाही.”